रिकाम्या पेटीला गवती चहाचा वास

मधमाश्या पाळायच्या तर पहिली वसाहत आणायची कुठून? जंगलातली जुनी वाट कुऱ्हाडीची आहे. ढोली फोडायची, पोळी कापून चौकटींना बांधायची आणि राणीमाशी हाती लागावी अशी आशा करायची. त्यात झाड जखमी होतं, अंडी-अळ्यांची पोळी चिरडतात आणि बिथरलेली वसाहत पुष्कळदा पेटी सोडून निघून जाते. दुसरी वाट धीराची. रिकामी पेटी मांडायची, तिला माश्यांच्या घराचा वास द्यायचा आणि थव्याने आपणहून यावं म्हणून थांबायचं.

हा वास मुळात माश्यांचाच. कामकरी माशीच्या पोटाच्या टोकाला, पाठीकडच्या बाजूला एक ग्रंथी असते. नासोनोव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. नव्या जागेच्या दाराशी माश्या पोट उचलून, पंख हलवत तिचा गंध पसरवतात आणि मागून येणाऱ्यांना वाट कळते. युरोपियन मेलिफेरा माशीच्या या गंधात जिरॅनिऑल आणि सिट्रल असतात. गवती चहाच्या तेलाचा मुख्य घटकही सिट्रलच. म्हणून थवे बोलावणारे पेटीत त्या तेलाचे मोजके थेंब टाकतात. जास्त झाले तर उग्र वासाने माश्या दूरच राहतात.

आपल्या सातेरी या देशी माशीचा गंध मेलिफेराशी तंतोतंत जुळत नाही, त्यामुळे इथे केवळ तेलावर भिस्त ठेवून भागत नाही. आतून चोळलेलं मेण, जुन्या पोळ्याची पट्टी आणि माश्या राहून गेलेली पेटी यांचा आधार घ्यावा लागतो. जुनी पोळी फार दिवस तशीच पडली तर मात्र मेणकिडा आधी येतो.

सातेरीच्याच जातीच्या जपानी माशीसाठी तिथले मधपाळ वेगळं आमिष वापरतात. किन्र्योहेन नावाचं एक ऑर्किड ते पेटीजवळ फुलवत ठेवतात आणि थवेच्या थवे त्या फुलांवर येऊन बसतात. ही ओढ त्या फुलातल्या दोन आम्लांच्या मिश्रणाची आहे, हे जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं.

गंध फक्त लक्ष वेधतो. घर पसंत करतात त्या टेहळणीच्या माश्या. १९५०च्या दशकात मार्टिन लिंडाउअर यांनी थव्यावर नाचणाऱ्या या माश्या न्याहाळल्या. पुढे थॉमस सीली यांनी त्यांची निवड बारकाईने मोजली. मेलिफेराला साधारण ४० लिटरची, लहान दाराची, जमिनीपासून उंच असलेली पोकळी आवडते. सातेरीचं कुटुंब लहान, तिला कमी जागा पुरते. पेटी कोरडी, सावलीत, मुंग्यांपासून वाचवलेली हवी. पेटीच्या स्टँडच्या चार पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या तर मुंगळे वर चढत नाहीत.

यवतमाळ जिल्ह्यात पेटी मांडायची तर एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी लागते. उंच झाडाला लोंबणारं मोठं मोहोळ आग्याचं, झुडपातलं लहान पोळं फुलोरीचं. दोघीही उघड्यावर एकच पोळं बांधतात. कितीही सुगंधी पेटी ठेवली तरी ती त्यांच्या कामाची नाही. पेटीत येते ती ढोलीत, वारुळात, भिंतीच्या पोकळीत समांतर पोळी बांधणारी सातेरी. टिपेश्वर आणि पैनगंगा अभयारण्यांच्या या जिल्ह्यात पळस, मोह फुलतात त्या दिवसांत पेटी तयार असलेली बरी. मकरंद भरपूर असला की वसाहती वाढतात आणि फुटतात.

आग्याच्या मधासाठी वेगळी रीत लागते. शेजारच्या वर्ध्याला १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ उभा राहिला आणि त्याच्या मगनवाडी या केंद्रात मधमाशीपालन ग्रामोद्योग म्हणून शिकवलं गेलं. पुढे वर्ध्याच्याच ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने आणि डॉ. गोपाल पालीवाल यांनी आग्याचं मोहोळ न जाळता मध काढण्याचं शिक्षण दिलं. संरक्षक पोशाख घालून मधाचा भाग तेवढा कापायचा आणि अंडी-अळ्यांचा भाग तसाच ठेवायचा. वनहक्क कायदा २००६ मधाला गौण वनोपज मानतो, त्यामुळे कोलाम आदिवासींसारख्या जंगलात राहणाऱ्यांचा मधावरचा हक्क कायद्यातही आहे. त्यांच्या हाती ही दोन्ही कौशल्यं असायला हवीत, आग्याची कापणी आणि सातेरीची पेटी.

थवा आल्यावर घाई नको. पोळ्यात अंडी-अळ्या दिसेपर्यंत पेटी हलवू नये. पिल्लं असली की वसाहत सहसा जागा सोडत नाही. मग सगळ्या माश्या परतल्यावर, रात्री दार बंद करून ती न्यायची. कुठे न्यायची, हे यवतमाळात नीट ठरवावं लागतं. कपाशीवरच्या फवारणीने २०१७ मध्ये या जिल्ह्यात शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले; त्या विषापुढे माशी टिकणं कठीण. म्हणून पेटीची जागा ठरवण्याआधी आसपासच्या शेतांत फवारणी कधी होणार, हे शेजाऱ्यांना विचारून घ्यावं आणि त्या दिवसांपुरती पेटी जंगलाच्या कडेला सरकवावी.