कोबीचे कुरकुरीत 'एशियन' सॅलड: रक्तदाब असेल तर सॉस मोजून घाला

जेवणात कच्च्या भाज्या वाढवा, असे आम्ही डॉक्टर सांगतो आणि तुम्ही घरी जाऊन मोबाइलवर कृती शोधता. तिथे हल्ली हमखास सापडते ते 'एशियन स्लॉ'. बारीक चिरलेला कोबी, गाजर, ढोबळी मिरची आणि त्यावर सोया सॉस, तिळाचे तेल, आले, लिंबू. दहा मिनिटांत होते, गॅसही पेटवावा लागत नाही. आपल्या कोबीच्या कोशिंबिरीचे लांबचे भावंडच म्हणा. यातल्या भाजीबद्दल बहुतेकांना काळजीचे कारण नाही. रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर लक्ष द्यायचे ते सॉसकडे.

'स्लॉ' हा शब्द मूळ डच भाषेतला. 'कूलस्ला' म्हणजे कोबीचे सॅलड. सोया सॉस आणि तीळ घातलेला त्याचा हा 'आशियाई' अवतार मात्र अमेरिकेत लोकप्रिय झाला. तिकडे त्यात इन्स्टंट नूडल्स कोरड्याच चुरून घालतात आणि पुष्कळदा पाकिटातला मसालाही. तशी कृती सापडली तर रुग्णासाठी ती सरळ सोडून द्या.

सॉसमध्ये मीठ किती?

एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली सोया सॉसमध्ये साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असते. मिठाच्या हिशेबात हे सव्वादोन ग्रॅमच्या आसपास जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे जेमतेम एक सपाट छोटा चमचा. आमटी, भाजी, पोळी, लोणचे, पापड यांतूनच तेवढे सहज पोटात जाते. त्यावर सॉसचे दोन मोठे चमचे एकाच ताटात पडले, तर बाकी जेवण अळणी असूनही उपयोग होत नाही.

बाटलीवर 'लाइट' लिहिलेले पाहून फसू नका. तो शब्द बहुधा रंगाबद्दल असतो. असा सॉस गडद सॉसपेक्षा जास्त खारटही असू शकतो. 'कमी सोडियम' लिहिलेला सॉस थोडा बरा, पण तोही मोजूनच घालायचा. काही कमी सोडियमच्या सॉसमध्ये आणि मिठांमध्ये सोडियमऐवजी पोटॅशियम क्लोराइड वापरतात. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी गोळी चालू असेल, तर रक्तातले पोटॅशियम वाढू शकते. अशी बाटली किंवा पुडी आणण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

चार माणसांसाठी

पाव किलो कोबी, एक गाजर आणि अर्धी ढोबळी मिरची लांब, पातळ चिरा. दोन कांद्याच्या पाती आणि मूठभर कोथिंबीर घाला. वाटीत दोन छोटे चमचे (१० मिली) सोया सॉस, दीड मोठा चमचा लिंबाचा रस, दोन छोटे चमचे तिळाचे तेल, एक चमचा किसलेले आले, ठेचलेली एक लसूण पाकळी, हवी तर हिरवी मिरची आणि अर्धा चमचा मध असे एकत्र फेटा. वरून मीठ घालू नका. वाढताना भाजलेले तीळ आणि खारवलेले नसलेले भाजके शेंगदाणे भरड कुटून भुरभुरा. शेंगदाण्याची किंवा तिळाची अ‍ॅलर्जी असेल त्याच्यासाठी हे अर्थातच वगळा. तीळ चालत नसतील तर तेलही दुसरे घ्या.

या मापात सॉसमधून प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १५० मिलिग्रॅम सोडियम येते. आंबटपणा, आले आणि लसूण असल्याने मीठ कमी पडल्याचे फारसे जाणवत नाही. मधुमेह असेल तर मध गाळा. गाजराची गोडी पुरते.

सॉस अगदी पानात वाढताना कालवा. मीठ लागले की कोबीच्या पेशींतले पाणी बाहेर येते, तुकडे मऊ पडतात आणि तळाशी पाणी साचते. मग चव उतरली म्हणून आपण आणखी सॉस ओततो. चिरलेली भाजी सॉसशिवाय फ्रिजमध्ये झाकून दुसऱ्या दिवसापर्यंत छान राहते.

कोणी जपून खावे?

रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन किंवा अ‍ॅसिनोकूमरॉल चालू असेल, तर हा भाग नीट वाचा. कोबीत के जीवनसत्त्व असते आणि ते या गोळ्यांच्या विरुद्ध काम करते. म्हणून कोबी बंद करायचा नाही. प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखे ठेवायचे. महिनाभर अजिबात नाही आणि मग रोज वाडगाभर, असे केले की आयएनआर बिघडतो. आहारात मोठा बदल करणार असाल तर आधी सांगा, म्हणजे तपासणी लवकर करता येईल. अ‍ॅपिक्साबॅन, रिव्हारॉक्साबॅन, डॅबिगॅट्रान या नव्या गोळ्यांना के जीवनसत्त्वाची ही अडचण नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी सॅलडनेच पोट भरून पोळी-भात टाळू नये. साखर एकदम खाली जाऊ शकते. कोबीने पोट फुगत असेल किंवा कवळीने चावत नसेल, तर चिरलेला कोबी दोन मिनिटे वाफवून घ्या. थायरॉइडच्या रुग्णांना कोबी वर्ज्य असल्याचे पुष्कळ जण सांगतात, पण आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्याला जेवणातल्या एवढ्या कोबीने त्रास होत नाही.

'कोबीने डोक्यात किडा जातो' ही भीतीही नेहमी ऐकू येते. किडा कोबीत तयार होत नाही. शेतात मानवी विष्ठा मिसळली गेली, तर डुकरांमार्फत पसरणाऱ्या फीतकृमीची अंडी पानांना, खरे तर कुठल्याही कच्च्या भाजीला, चिकटू शकतात. ती पोटात गेल्यास पुढे मेंदूत गाठी होऊन फिट येऊ शकते. वरची दोन-तीन पाने टाकून द्या, बाकीची सुटी करून वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवा आणि मगच चिरा. मिठाच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवल्याने ही अंडी मरतील असे धरून चालू नका, शिजवल्यावर मरतात. केमोथेरपी चालू असलेल्या, अवयव प्रत्यारोपण झालेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्या रुग्णाला, डॉक्टरांनी कच्चे खाण्याची परवानगी देईपर्यंत, हाच कोबी आले-लसणावर पूर्ण शिजवून द्या. गरोदर असाल तर धुण्याच्या बाबतीत अजिबात घाई करू नका आणि बाहेरचे, आधीच चिरून ठेवलेले सॅलड खाऊ नका.