शाळेतील गाण्याचा तास कोणासाठी?

शाळेत संगीत असावे की नसावे, हा वाद आता फारसा उरलेला नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले आणि घराण्यांच्या उंबऱ्याआड राहिलेली विद्या वर्ग भरवून, ठरावीक अभ्यासक्रमाने शिकविता येते हे दाखवून दिले. पंडित भातखंड्यांनी चिजा स्वरलिपीत उतरवून क्रमिक पुस्तके सिद्ध केली; १९२६ साली लखनौस संगीताचे महाविद्यालय निघाले, त्यामागे त्यांचाच ध्यास होता. पुढे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलेला शालेय विषयांच्या पंक्तीत बसविले आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणाने अभ्यास व अभ्यासेतर उपक्रम यांमधील भिंत पाडण्याचा आग्रह धरला. तत्त्वाचा प्रश्न असा मिटला. व्यवहाराचा मात्र शिल्लक आहे, आणि तो असा की, शाळेतील गाणे नेमके कोणाचे?

पुष्कळ शाळांत गाण्याचा विचार स्नेहसंमेलन जवळ आले म्हणजे सुरू होतो. चाचणी घेऊन पंधरा-वीस मुले निवडली जातात, त्यांच्या तालमी होतात, टाळ्या पडतात. उरलेली शेकडो मुले त्या दिवशी श्रोते असतात, आणि वर्षभर तीही नसतात. निवडीला आमचा विरोध नाही. रंगमंचावर उत्तम तेच जावे. परंतु निवडीलाच शिक्षण समजणे ही गफलत आहे. ज्याला गणित येत नाही त्याला आपण गणिताच्या तासाला बाहेर बसवीत नाही, उलट त्याच्याकडे अधिक लक्ष देतो. मग ज्याचा सूर लागत नाही त्याने तेवढे गप्प बसावे, हा न्याय कोठला?

मुळात मूल ‘बेसूर’ का ठरते, हे पाहण्यासारखे आहे. शिक्षकाला सोयीची पट्टी मुलांना सोयीची असतेच असे नाही. पुरुष शिक्षक काळी एक किंवा काळी दोनमध्ये गाऊ लागला, की मुले आपोआप त्याच्याहून एक सप्तक वर गातात. धृपद निभून जाते. अंतरा तार सप्तकातील गंधार-मध्यमाकडे चढला, की काही मुले किंचाळतात आणि काही खाली घसरतात. घसरणाऱ्याला आपण बेसूर म्हणतो. वस्तुतः दोष पट्टीचा असतो. पट्टी दोन-तीन सूर खाली घ्यावी, किंवा पाच-सहा सुरांत फिरणारे गाणे निवडावे, म्हणजे त्यांतील बरीच मुले वाटेवर येतात. आणखी एक अडचण आहे. शिक्षकाच्या भरदार आवाजातला षड्ज आपल्या बारीक आवाजात कोठे शोधावा, हे लहान मुलाला पुष्कळदा उमगत नाही. तोच सूर शेजारच्या मुलाने लावून दाखविला, तर तो त्याला लवकर सापडतो.

दुसरा प्रसंग सातवी-आठवीच्या सुमारास येतो. या वयात मुलग्यांचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलींच्या आवाजातही बदल होतो, पण तो थोडा असतो. उतरण्याच्या काळात आवाज मध्येच फाटतो, वर्ग हसतो, आणि कालपर्यंत प्रार्थना सांगणारा मुलगा तोंड मिटून घेतो. हा रोग नव्हे, वाढ आहे. अशा मुलाला ताण न देता थोड्या सुरांत, खालच्या पट्टीत गाऊ द्यावे, आणि ही अवस्था सर्वांनाच येते हे वर्गाला आधीच सांगून ठेवावे. नाहीतर त्या वयात मिटलेले तोंड पुढे जन्मभर उघडत नाही.

ज्याचा गळा मागे आहे त्याच्यासाठी लय आहे. दादऱ्याच्या सहा मात्रा व केरव्याच्या आठ मात्रा हातांवर मोजता येतात. समेला टाळी, खालीला हात मोकळा, एवढ्याने सबंध वर्ग एका आवर्तनात बांधला जातो. लेझीम तर आपल्याकडे घरचीच आहे. तिच्यात कोणी पुढचा नाही, कोणी मागचा नाही, एकाचे पाऊल चुकले तर ओळ चुकते. नाटकालाही पडदे-पोशाख लागत नाहीत. पाठ्यपुस्तकातला एखादा संवाद बाके सरकवून वर्गातच उभा करता येतो, आणि त्यात नेहमी तीच चार मुले असण्याचे कारण नाही.

अलीकडे दहावीच्या विद्यार्थ्यांना शास्त्रीय संगीत-नृत्य व लोककला यांबद्दल वाढीव गुण मिळू लागले, हे स्वागतार्ह आहे. पण त्या गुणांसाठी लागणारी तयारी पुष्कळदा शाळेबाहेर, खासगी वर्गात, पैसे देऊन होते. ज्यांच्या घरी पेटी नाही, तंबोरा नाही, फी भरण्याची ऐपत नाही, त्या मुलांना संगीत भेटण्याची जागा एकच, ती म्हणजे शाळेतला आठवड्याचा तास. तोही मूठभर गुणवंतांच्या तालमीला दिला, तर आपण त्यांच्या हातचे शेवटचे दार बंद करतो. या मुलांतून गवई किती निघतील हे सांगता येणार नाही, आणि ते मोजण्याचे कारणही नाही. चार माणसांत आपला आवाज मिळविता यावा आणि दुसऱ्याचा आवाज ऐकता यावा, एवढे ज्याला शाळेने दिले, त्याला पुष्कळ दिले, असे आम्ही समजतो.