रस्त्यावरील वृक्षांची निगा आणि तोड

हार्बर रेल्वेमार्गावर सानपाडा आणि नेरूळ या स्थानकांच्या मध्यें जुईनगर आहे. १९७० मध्यें सिडकोची स्थापना झाल्यावर ठाणें खाडीच्या पूर्वेस ज्या नियोजित वसाहती उभ्या राहिल्या, त्यांपैकीं ही एक. नव्या वसाहतीस सावलीची निकड असते. म्हणून नवी मुंबईच्या रस्त्यांवर गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष अशीं झपाट्यानें वाढणारीं झाडें पुष्कळ लावण्यांत आलीं. तीं आतां मोठीं झालीं आहेत. पावसाळा जवळ आला म्हणजे त्यांच्याकडे पाहणाऱ्यांचे दोन पक्ष पडतात. एकास प्रत्येक फांदींत अपघात दिसतो, तर दुसऱ्यास प्रत्येक करवतींत अधर्म. दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे. कारण मोडलेली फांदी मनुष्याचा प्राण घेऊं शकते, आणि अडाणी छाटणी झाडाचा.

झाड पडतें तें केवळ वाऱ्यामुळें नव्हे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याचीं मुळें जमिनीच्या वरच्या थरांत पसरतात आणि लांकूड ठिसूळ असतें. त्याच्या बुंध्याशीं काँक्रीट घट्ट बसविलें, म्हणजे मुळांस हवा व पाणी मिळत नाहीं. नळ किंवा तारा घालण्यासाठीं पदपथ खणतांना एका बाजूचीं मुळें तुटलीं, म्हणजे झाडाचा नांगरच सुटतो. वर पानांचा भार तसाच राहतो, खालीं भिजलेली माती सैल होते, आणि उरलेलें काम वारा करतो. मे २०२१ मध्यें तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलें, तेव्हां मुंबई परिसरांत शेंकडों झाडें कोसळलीं. बुंध्यास मोकळी माती हवी, हें ओळखूनच राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१३ मध्यें दिल्लींतील झाडांभोंवतीं एक मीटर जागा काँक्रीटमुक्त करण्याचा आदेश दिला.

मग धोका ओळखावा कसा? वांकडें झाड नेहमींच धोक्याचें नसतें. लहानपणापासून कललेलें झाड आपल्या लांकडाची वाढ त्या कलास अनुसरून करतें व तोल सांभाळतें. परंतु सरळ झाड अचानक कललें, किंवा बुंध्याजवळची जमीन भेगाळली, तर मुळें सुटूं लागलीं असें समजावें. बुंध्यावर उगवलेलें भूछत्र आंतील कूज दाखवितें. मात्र पोकळी दिसतांच कुऱ्हाड उचलूं नये. बांबू पोकळ असूनहि भार पेलतो. त्याचप्रमाणें बाहेरचें निरोगी लांकूड पुरेसें जाड असेल, तर पोकळ झाडहि उभें राहतें. ती जाडी जाणकाराकडून तपासून घ्यावी.

छाटणीचें शास्त्रहि असेंच समजून घेण्याजोगें आहे. मनुष्याची जखम भरून येते. झाडाची येत नाहीं. अमेरिकन शास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनीं पुष्कळ खोडें चिरून दाखवून दिलें कीं, झाड कुजक्या भागाभोंवतीं जणूं भिंती उभारून त्यास कोंडतें आणि वरून नवें लांकूड चढवितें. फांदी खोडास मिळते तेथें फुगीर वलय असतें. बचावाची मुख्य जागा तीच. म्हणून छेद वलयाच्या लगत, परंतु बाहेरून घ्यावा. लांब खुंटहि ठेवूं नये. जड फांदी तीन छेदांनीं उतरवावी: पहिला खोडापासून कांहीं अंतरावर खालून, दुसरा त्याच्या किंचित पुढें वरून, आणि तिसरा उरलेल्या खुंटाचा. पहिला छेद न घेतल्यास पडणारी फांदी खोडाची साल सोलून नेते. जखमेस डांबर फांसल्यानें कूज थांबत नाहीं. सर्वांत घातक प्रकार म्हणजे सगळा शेंडा उडविणें. त्यानंतर फुटणारे धुमारे वरवरच जोडलेले असतात. ते जड झाले कीं मोडतात, आणि टाळावयाचा धोका वाढूनच परत येतो.

झाड काढणें अपरिहार्यच ठरलें, तर अरुंद रस्त्यांत तें बुंध्यापासून पाडतां येत नाहीं. कुशल कामगार कंबरपट्टा व दोर बांधून चढतो, शेंड्याकडून तुकडे कापतो, आणि खालचा सोबती ते दोरानें सावकाश उतरवितो. खालची वाट आधीं अडवावी लागते. जवळच्या तारांतील वीजप्रवाह बंद झाल्याची खात्री झाल्यावांचून करवत चालवूं नये. दोर व पट्टा न देतां मजुरास वर चढविणें म्हणजे चार पैशांसाठीं दुसऱ्याचा जीव टांगणीस लावणें होय.

शहरांतील झाड, मग तें खाजगी आवारांतील असलें तरी, मालकाच्या मर्जीनें तोडतां येत नाहीं. १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमाप्रमाणें त्यासाठीं रीतसर परवानगी लागते, आणि झाड जाळणें किंवा त्यास इजा करणें हेंहि तोडण्यांतच गणलें जातें. २०२१ च्या दुरुस्तीनें पन्नास वर्षें वा त्याहून अधिक वयाच्या झाडास वारसावृक्षाचा दर्जा दिला, आणि तोडलेल्या झाडाचें जितकें वय तितकीं नवीं झाडें लावण्याचें बंधन घातलें. हा विचार महाराष्ट्रास नवा नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रांत सांगितलें आहे कीं, आंबा-फणसासारखीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात; तेव्हां तीं तोडूं नयेत, आणि एखादें जीर्ण झाड घ्यावयाचें झाल्यास धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावें. राज्याच्या आरमारास लांकूड हवें असतांनाहि हा विवेक सुटला नव्हता. जुईनगरच्या रहिवाशांनीं उन्हाळ्यांतच आपल्या दारचें झाड जाणकारास दाखवावें, बुंध्याभोंवतीं हातभर माती मोकळी करावी, आणि जेथें झाड जाईल तेथें ताम्हण, बकुळ किंवा करंज लावून तो जगवावा.