उडत्या खारीचे अन्न व उंबराचे झाड

राधानगरी-दाजीपूरच्या रानात दिवस मावळल्यावर जागा होणारा एक प्राणी आहे. त्यास उडती खार म्हणतात. एकोणिसाव्या शतकातील प्राणिशास्त्रज्ञ जर्डन यांनी घाटातील मराठी लोकांत रूढ असलेले ‘पाक्या’ हे तिचे नाव नोंदविले आहे. शेकरू निराळे, ते दिवसा हिंडते व फांदीवरून फांदीवर उडी घेते. उडत्या खारीच्या पुढच्या व मागच्या पायांमध्ये कातडीचा पडदा असतो. तो ताणून ती उंच झाडावरून खालच्या दिशेने तरंगत जाते. पक्ष्याप्रमाणे वर चढणे मात्र तिला साधत नाही.

ऑस्ट्रेलियात पोटाशी पिशवी असणाऱ्या प्राण्यांपैकी काहींनी हीच युक्ती साधली आहे. त्यांतील लहान जाती डिंक, झाडांचा रस, फुलांतील मध व किडे खातात. एक मोठी जात जवळजवळ केवळ निलगिरीच्या पाल्यावर जगते. आपली खार कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या वर्गातील असल्याने त्यांची नातलग नव्हे. अडचण मात्र उभयतांची एकच आहे. रान तुटले की अन्नाचे झाड दूर पडते.

ही खार फळे, पाला, फुले, कोवळे कोंब व साल खाते. तमिळनाडूतील अण्णामलै डोंगरात, मळ्यांनी वेढलेल्या रानाच्या एका तुकड्यात, आर. नंदिनी व एन. पार्थसारथी यांनी तिच्या आहाराचा अभ्यास केला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. तेथे तिच्या आहाराचा निम्म्याहून अधिक भाग एकट्या उंबराचा आढळला. फळांबरोबर उंबराचा पालाही ती खात होती. फणसही तिच्या खाण्यात होता.

उंबरालाच एवढे महत्त्व का, हे समजण्यास ते झाड नीट पाहिले पाहिजे. आंबा, जांभूळ, फणस यांचा हंगाम ठरलेला असतो. तो सरला की झाड रिकामे. उंबरास वर्षातून अनेकदा फळ येते, आणि सर्व उंबर एकाच वेळी फळत नाहीत. म्हणून इतर झाडे रिकामी असताना परिसरातील एखादा तरी उंबर फळलेला सापडण्याचा संभव असतो. फळे बुंध्यावर व जाड फांद्यांवर घोसांनी लागतात, त्यामुळे जड अंगाच्या खारीस ती बसून खाता येतात. जुन्या झाडाची ढोली तिला दिवसा निजण्यासही उपयोगी पडते.

परंतु एका झाडापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचणे हा हिशेबाचा प्रश्न आहे. ढोबळमानाने दोन मीटर पुढे जाण्यास एक मीटर उंची खर्ची पडते. पंधरा मीटर उंचीवरून निघून तीन मीटर उंचीवर बुंधा धरावयाचा, तर सुमारे चोवीस मीटरचे अंतर कापता येईल. मधले झाड तोडल्याने तेच अंतर पन्नास मीटर झाले, तर खारीस जमिनीवर उतरून चालावे लागते. तेथे ती सावकाश व अवघडून चालते आणि शिकारी प्राण्यांच्या तावडीत सापडते. (चौथी-पाचवीच्या मुलांस हे गणित सहज घालता येईल.)

कोल्हापूरच्या पश्चिम भागातील रान सलग नाही. जांभ्याचे उघडे सडे हे तर मूळचेच खंड होत. त्यांत राधानगरी व काळम्मावाडी येथील जलाशय, रस्ते, शेती व बॉक्साइटच्या खाणी यांची भर पडली. दाजीपूरचे अभयारण्य १९५८ साली घोषित झाले, परंतु त्याच्या सीमेबाहेरील झाडांवर ते संरक्षण लागू नाही. तेथे देवराई व दत्ताचे झाड म्हणून राखलेला उंबर यांचाच आधार आहे. नृसिंहवाडीच्या औदुंबरास हात जोडणारी माणसे बांधावरच्या उंबरासही सहसा कुऱ्हाड लावीत नाहीत. अलीकडे मात्र देवळाचा जीर्णोद्धार निघाला की देवराईतील झाडे त्या खर्चासाठी विकली जातात, आणि ज्या देवाच्या नावाने ती राखली, त्याच्याच नावाने ती पडतात.

घाटाजवळच्या शाळांतील शिक्षकांनी मुलांकडून गावातील उंबर मोजून घ्यावेत. प्रत्येक झाडाचे ठिकाण, ढोली आहे की नाही, फळे कोणत्या महिन्यात आली आणि शेजारचे उंच झाड किती पावलांवर आहे, हे वहीत लिहावे. झाडाखाली पडलेल्या उष्ट्या फळांवरून मात्र खार आली असे लिहू नये. वटवाघळे, माकडे व धनेशही उंबरे खातात. जाणत्या माणसास बरोबर घेऊन रात्री विजेरीचा झोत टाकल्यास खारीचे डोळे तांबडे चमकतात. त्या रात्रीची तारीख त्या झाडापुढे लिहावी.