आईवडिलांचं बालपण मुलांच्या संगोपनात कसं उतरतं?

दोन वर्षांचं मूल अंगणात धडपडतं आणि रडत येतं. एक आई त्याला जवळ घेते, गुडघा पाहते आणि थोड्या वेळाने पुन्हा खेळायला सोडते. दुसरी म्हणते, “एवढंसं लागलं तर रडतोस काय?” तिसरी मुलापेक्षा जास्त घाबरते आणि दिवसभर त्याला घराबाहेर सोडतच नाही. माया तिघींचीही आहे. मग वागण्यात इतका फरक का? त्याच्या उत्तराचा एक भाग या आयांच्या स्वतःच्या बालपणात असतो.

अटॅचमेंट म्हणजे काय?

घाबरलेलं किंवा दुखावलेलं मूल ज्या माणसाकडे धाव घेतं, त्याच्याशी असलेला भावनिक बंध म्हणजे अटॅचमेंट. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी ही संकल्पना मांडली. हाक मारली की कोणी धावून येतं का, या अनुभवातून मुलाच्या मनात नात्यांचा एक आराखडा तयार होतो आणि मोठेपणीही तो सोबत राहतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

हा आराखडा मोजतात कसा?

मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली इथे प्रौढांसाठी एक मुलाखत तयार केली. तिच्यात आईशी आणि वडिलांशी असलेल्या नात्याचं प्रत्येकी पाच शब्दांत वर्णन करायचं असतं आणि त्या प्रत्येक शब्दासाठी एक आठवण सांगायची असते. काही जण “प्रेमळ” म्हणतात, पण त्याला धरून एकही प्रसंग सांगू शकत नाहीत. काही जण जुन्या रागातच गुरफटतात. काही जण मात्र चांगलं-वाईट दोन्ही मोकळेपणाने आणि सुसंगतपणे सांगतात. बालपण कसं गेलं यापेक्षा ते कसं सांगितलं जातं, याला इथे जास्त महत्त्व असतं.

संगोपनाशी संबंध काय?

पहिल्या गटातल्या पालकांचा कल मुलाचं रडणं टाळण्याकडे, त्याने लवकर ‘खंबीर’ व्हावं याकडे असतो. दुसऱ्या गटातले पालक कधी मुलात फार गुंततात, तर कधी स्वतःच्याच काळजीत हरवतात. तिसऱ्या गटातल्यांना मुलाची गरज ओळखणं तुलनेने सोपं जातं.

1991मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या एका अभ्यासात स्त्रियांची ही मुलाखत बाळंतपणाआधीच घेतली होती. बाळ वर्षाचं झाल्यावर त्याचा आईशी असलेला बंध सुरक्षित आहे की नाही, याचा अंदाज त्यावरून चारपैकी तीन वेळा बरोबर आला. मात्र 2016मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा हा संबंध आधी वाटला होता त्यापेक्षा कमी असल्याचं दिसलं. बाळाचा स्वभाव, पैशांची ओढाताण, घरातल्या इतरांचा आधार यांचाही वाटा असतो.

मग हे बदलता येतं का?

येतं. खडतर बालपण गेलेल्या, पण त्याकडे आज शांतपणे पाहू शकणाऱ्या माणसांच्या बाबतीत संशोधक ‘कमावलेली सुरक्षितता’ असा शब्द वापरतात. समजूतदार जोडीदार, माया लावणारी आजी किंवा समुपदेशक यांच्यामुळे ती मिळू शकते.

दर वेळी अचूक वागणारे पालक कुठेच नसतात. “रडतोस काय?” असं तोंडून निघून गेल्यावरही मुलाला जवळ घेऊन “खूप दुखलं का रे?” असं विचारता येतं. तुटलेला धागा पुन्हा जोडला जातो, हे मूल तिथेच शिकतं.