बेब रूथ आज खेळता तर?

बेसबॉल हा अमेरिकेचा चेंडूफळीचा खेळ. १९२७ साली बेब रूथने त्यात ६० होमरन मारले. आज तो उतरला तर? त्या काळी पुष्कळदा एकच गोलंदाज अखेरपर्यंत टाकी; थकल्या हाताचा चेंडू फटकावणे सोपे. आता ताज्या दमाचे गडी एकामागून एक येतात, ताशी १५० किलोमीटरने टाकतात. रूथ आधी चाचपडेल. पण सरावाने सावरेल, असे मला वाटते.

खरी गोष्ट निराळीच. रूथ १९३५ पर्यंत खेळला, आणि मोठ्या लीगची दारे कृष्णवर्णीयांना उघडली १९४७ साली! सॅचेल पेजसारखा गोलंदाज लीगमध्ये त्याच्यासमोर आलाच नाही. २०२४ साली कृष्णवर्णीयांच्या लीगांचे आकडे अधिकृत नोंदीत धरले. फलंदाजीच्या सरासरीत जॉश गिब्सन टाय कॉबच्याही वर गेला.