गाडीतली आपत्कालीन पिशवी विमानात का चालत नाही?

रोह्याहून नवी मुंबई विमानतळ गाठायचं तर रस्ता नागोठणे, वडखळ, पेण, पनवेल असा. 25 डिसेंबर 2025 पासून तिथून विमानं उडू लागली आणि मुंबईपर्यंतचा फेरा वाचला. वडखळचा ट्रॅफिक मात्र वाचलेला नाही. पनवेल-इंदापूर टप्प्याच्या चौपदरीकरणाचं काम 2011 मध्ये सुरू झालं. गणपतीत तिथे अडकलेल्यांना वेगळं सांगायला नको. म्हणजे एकाच दिवशी गाडी आणि विमान, आणि दोघांचे नियम उलटे.

गाडीच्या पिशवीत काय हवं? माणशी दोन लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं, सुका खाऊ, टॉर्च, दोरी, छत्री, प्रथमोपचार पेटी, रोजची औषधं. गाडीसोबत मिळालेला लाल त्रिकोण आणि जॅक कुठे आहेत ते आधीच बघून ठेवा. बहुतेकांना ते पंक्चर झाल्यावर आठवतात. पिशवी सीटजवळ ठेवा. भर पावसात, सगळ्या बॅगांखालून टॉर्च शोधणं हा वेगळाच ताप. महामार्गावर मदतीसाठी 1033, इतर संकटात 112.

पुलावर किंवा रस्त्यावर पाणी असेल तर कुठलीच पिशवी कामाची नाही, गाडी थांबवा. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, तेव्हा एसटी बसही नदीत गेल्या.

आता विमान. पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही, हातातल्या बॅगेतच हवी. कारण लिथियम बॅटरीने पेट घेतला तर केबिनमध्ये कर्मचारी ती विझवू शकतात, खाली सामानाच्या कप्प्यात कोणी नसतं. मर्यादा साधारण 100 वॉट-तास. 20,000 एमएएचची पॉवर बँक सुमारे 74 भरते. काडेपेटी दोन्हीकडे बंद. चाकू फक्त चेक-इनमध्ये. आणि कोकणी माणसाला हमखास नडणारी गोष्ट: सुकं खोबरं. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं, म्हणून 2022 पासून चेक-इनमध्ये त्याला मनाई आहे.

इन्सुलिन आणि रोजच्या गोळ्या मात्र कायम हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सामान हरवलं किंवा उशिरा आलं तरी डोस चुकत नाही. परदेशी विमानात हातातल्या बॅगेत 100 मिलीपेक्षा मोठी द्रवाची बाटली नको. ओआरएसच्या पुडीला ही अडचण नाही.

सोडायला आलेली गाडी परत रोह्याला जाणार असेल, तर विमानतळावर उतरताना काडेपेटी आणि चाकू तिच्यातच राहू द्या.